महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालये

जात, धर्म, लिंग वा व्यवसाय यांचा भेद न करता सर्व नागरिकांस वाचनासाठी, संदर्भासाठी आणि घरी ग्रंथ नेण्यासाठी खुल्या असलेल्या ग्रंथालयास सार्वजनिक ग्रंथालय म्हणतात. महाराष्ट्रात अशा संस्थांची परंपरा सुमारे दोनशे वर्षांची आहे. अन्यत्र अनेक ठिकाणी सार्वजनिक ग्रंथालये नगरपालिकांनी वा शासनाने कर बसवून उभारली. महाराष्ट्रात ती गावोगावच्या वाचकांनी मंडळ्या स्थापून व वर्गणी गोळा करून उभारली. शासनाचे साहाय्य पुढे मिळाले, तेही बहुतांशी या मंडळ्यांना अनुदान देण्याच्या रूपाने. या उगमामुळे महाराष्ट्रातील ग्रंथालयांना टिकाऊपणा आणि स्थानिक जिव्हाळा लाभला. त्याचबरोबर वर्गणी देऊ न शकणारा वाचक प्रदीर्घ काळ दाराबाहेर राहिला. ‘सार्वजनिक’ या शब्दात कोणाकोणाचा समावेश करावयाचा, या प्रश्नाच्या क्रमाक्रमाने बदलत गेलेल्या उत्तरांचा इतिहास हाच या ग्रंथालयांचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : मुद्रणाच्या प्रसारापूर्वी मठ, देवस्थाने, शास्त्री-पंडितांची घराणी आणि राजदरबार यांच्याकडे हस्तलिखित पोथ्यांचे संग्रह असत. तंजावरच्या भोसले राजांच्या आश्रयाखाली वाढलेले सरस्वती महाल ग्रंथालय हे या परंपरेचे ठळक उदाहरण होय. दुसरे सरफोजी राजे (१७७७–१८३२) यांनी त्यात मोठी भर घातली. असे संग्रह विद्वानांना उपयोगी पडत. तथापि पोथी पाहावयास मिळणे हे संग्राहकाच्या मर्जीवर आणि वाचकाच्या जातीवर अवलंबून असे. ज्ञानाचे जतन हा त्यांचा हेतू होता, प्रसार हा नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत नव्या धर्तीचे ग्रंथसंग्रह उदयास आले. सर जेम्स मॅकिंटॉश (१७६५–१८३२) यांच्या पुढाकाराने २६ नोव्हेंबर १८०४ रोजी ‘लिटररी सोसायटी ऑफ बाँबे’ ही संस्था स्थापन झाली. तीच पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा बनली आणि १८३३ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या टाउन हॉलमध्ये तिचा ग्रंथसंग्रह स्थिरावला. प्रारंभी ही संस्था यूरोपीय अधिकारी व व्यापारी यांच्यापुरती मर्यादित होती. पहिल्या भारतीय सभासदाचा प्रवेश १८४० मध्ये झाला. दरम्यान, वाङ्‌मयाच्या उत्तेजनासाठी राखलेल्या निधीतून प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकांच्या प्रती नोंदणीकृत ग्रंथालयांस विनामूल्य द्याव्यात, अशी योजना मुंबई सरकारने १८०८ मध्ये पुढे मांडली होती. ग्रंथालयांना शासकीय मदत देण्याच्या कल्पनेचे हे या प्रदेशातील आरंभीचे रूप म्हणता येईल.

नेटिव्ह जनरल लायब्ररी : मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांच्या ठिकाणी न्यायालये, कचेऱ्या आणि इंग्रजी शाळा सुरू झाल्या, तसा इंग्रजी व देशी भाषांतील पुस्तके व वृत्तपत्रे वाचू इच्छिणारा एक लहानसा वर्ग निर्माण झाला. या वर्गाने स्थानिक इंग्रज अधिकाऱ्यांच्या साहाय्याने ठिकठिकाणी वाचनालये काढली. रत्नागिरी (१८२८), अहमदनगर (१८३८, आता अहिल्यानगर), नासिक (१८४०), पुणे (१८४८), कोल्हापूर (१८५०), सावंतवाडी (१८५२), सोलापूर (१८५३), अकोला (१८६०) आणि कल्याण (१८६४) येथील वाचनालये त्यांपैकी प्रमुख होत. आता कर्नाटकात असलेल्या बेळगावातील सार्वजनिक वाचनालयही १८४८ मधील आहे. यांतील बहुतेक संस्था नाव व जागा बदलून आजही चालू आहेत. त्याच काळात पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात पणजी येथे १८३२ मध्ये ‘पब्लिका लिव्हरारिया’ स्थापन झाली. पण ती राज्यकर्त्यांनी काढलेली संस्था होती. कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हे तिचेच आजचे रूप. गोव्यात शासनाने आरंभ केला आणि देशावर व कोकणात मंडळ्यांनी, हा भेद पुढील इतिहास समजण्यास उपयुक्त आहे.

या वाचनालयांना बहुधा ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असे नाव असे. ‘नेटिव्ह’ या शब्दाने ती यूरोपीयांच्या क्लबांपासून वेगळी ओळखली जात आणि ‘जनरल’ या शब्दाने ती एखाद्या शाळेची वा कचेरीची नव्हेत हे सूचित होई. एखाद्या वाड्यातील वा सरकारी इमारतीतील एक-दोन खोल्या, कुलूपबंद कपाटे, वृत्तपत्रांचे मेज आणि वर्गणीदारांची वही एवढाच त्यांचा सरंजाम असे. वर्गणीदारांचे ऐपतीनुसार वर्ग पाडलेले असत आणि वर्ग जितका वरचा तितकी अधिक पुस्तके एका वेळी घरी नेता येत. संस्थानिक, सरदार, सावकार व अधिकारी यांच्या देणग्यांवर ग्रंथखरेदी चाले. मराठीत छापील पुस्तके थोडी असल्याने संग्रहात इंग्रजी ग्रंथांचाच भरणा अधिक असे.

पुण्याच्या ग्रंथालयाच्या स्थापनेत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख (१८२३–९२) यांचा पुढाकार होता. त्यांची शतपत्रे प्रभाकर या साप्ताहिकात त्याच वर्षी, १८४८ मध्ये, प्रसिद्ध होऊ लागली. पुढील वर्षी पुण्यातील सुधारणावाद्यांनी, विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथनिर्मितीसाठी खर्च करावा, असा अर्ज सरकारकडे केला. ग्रंथालय, वृत्तपत्र आणि देशी भाषेतील ग्रंथनिर्मिती ही एकाच चळवळीची तीन अंगे होती, हे या घटनाक्रमावरून स्पष्ट होते.

मुंबईत हीच प्रवृत्ती निरनिराळ्या समाजगटांत दिसून आली. टांकसाळ व सरकारी गोदी येथील तरुण यंत्रकारागिरांनी १८४७ मध्ये आपल्यासाठी एक संस्था काढली. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून तिची वास्तू १८७० मध्ये पूर्ण झाली आणि ती डेव्हिड ससून ग्रंथालय म्हणून प्रसिद्धीस आली. पारशी समाजातील तरुणांनी १८५६ मध्ये सुरू केलेल्या वाचनालयातून पुढे जे. एन. पेटिट ग्रंथालय विकसित झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘सार्वजनिक’ हा शब्द राजकीय व सामाजिक जीवनात रूढ झाला. पुण्याच्या सार्वजनिक सभेची स्थापना १८७० ची आहे. ‘नेटिव्ह’ हे विशेषण हळूहळू मागे पडून ‘सार्वजनिक वाचनालय’, ‘नगर वाचनालय’ वा ‘नगर वाचन मंदिर’ अशी नावे पुढे आली. पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी ‘पुणे नगर वाचन मंदिर’ झाली, तर कोल्हापूरची ‘करवीर नगर वाचन मंदिर’ झाली. सोलापूर (हिराचंद नेमचंद) व अकोला (बाबूजी देशमुख) येथील वाचनालयांना व्यक्तींची नावे मिळाली. ‘मंदिर’ या शब्दातून वाचनाविषयीचा आदर व्यक्त होतो. त्या काळातील मंदिरांप्रमाणेच या मंदिरातही सर्वांना सारखा प्रवेश नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.

मराठी ग्रंथसंग्रहालये : १८६७ च्या मुद्रणालय व पुस्तक नोंदणी अधिनियमामुळे छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद होऊ लागली आणि मराठी पुस्तकांची संख्या वर्षानुवर्षे वाढत असल्याचे दिसून आले. तथापि जुनी मराठी पुस्तके एकत्र पाहावयास मिळतील असे ठिकाण नव्हते. ही उणीव ओळखून विनायक लक्ष्मण भावे (१८७१–१९२६) आणि त्यांचे सहकारी यांनी १ जून १८९३ रोजी ठाणे येथे ‘मराठी ग्रंथसंग्रहालय’ स्थापन केले. मराठीत प्रसिद्ध झालेले सर्व ग्रंथ जमविणे हे त्याचे उद्दिष्ट होते. महाराष्ट्र सारस्वत या आपल्या वाङ्‌मयेतिहासामुळे भावे विख्यात आहेत. वाङ्‌मयाचा इतिहास लिहावयाचा तर आधी वाङ्‌मय एकत्र आले पाहिजे, ही त्यांची दृष्टी होती. त्यानंतर १ ऑगस्ट १८९८ रोजी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची आणि १९११ मध्ये पुणे मराठी ग्रंथालयाची स्थापना झाली. मुंबईच्या संस्थेने शहराच्या विविध भागांत शाखा काढल्या आणि कामगार व मध्यमवर्गीय वस्त्यांपर्यंत मराठी पुस्तक नेले.

या संस्थांमुळे ग्रंथालयाच्या कल्पनेत दोन महत्त्वाचे बदल झाले. एक म्हणजे, ग्रंथालय हे इंग्रजी शिकलेल्यांचे स्थान न राहता मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाचे स्थान ठरले. दुसरे म्हणजे, चालू वाचनाची गरज भागविण्याबरोबरच भाषेच्या ग्रंथधनाचे जतन हेही लोकांनी चालविलेल्या संस्थेचे कर्तव्य मानले गेले.

वाचकवर्गाचा विस्तार : वर्गणीवर चालणाऱ्या ग्रंथालयात प्रवेशाची अट वरकरणी पैशाची असली, तरी प्रत्यक्षात ती शिक्षणाची व जातीचीही असे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला अनेक ठिकाणी शाळेच्या खोलीतही सारखी जागा नव्हती. तेथे ग्रंथालयाच्या मेजाशी त्यांना स्थान मिळणे दुरापास्त होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) यांनी १९२४ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृहांबरोबर ग्रंथालये व अभ्यासवर्ग काढणे हे आपल्या उद्दिष्टांत समाविष्ट केले, त्यामागे हे वास्तव होते. ग्रंथालय हे फावल्या वेळेचे साधन नसून समाजाच्या उन्नतीचे साधन आहे, ही भूमिका या उद्दिष्टातून प्रकट झाली.

मराठवाड्यात परिस्थिती आणखी वेगळी होती. निजामाच्या हैदराबाद संस्थानात सभा-संमेलनांवर कडक निर्बंध होते आणि शिक्षणात उर्दूला प्राधान्य होते. अशा स्थितीत मराठी वाचनालय हे लोकांना एकत्र येण्याचे, वृत्तपत्रे वाचण्याचे आणि स्वभाषेशी नाते टिकविण्याचे एक मोजके ठिकाण ठरले. परभणीचे गणेश वाचनालय (१९०१) हे या भागातील जुन्या संस्थांपैकी एक होय. राजधानी हैदराबाद येथे १९२२ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत या वाचनालयांतून वावरलेल्या कार्यकर्त्यांचा राजकीय जागृतीत मोठा वाटा होता. म्हणूनच संस्थानी अधिकारी त्यांच्याकडे संशयाने पाहत.

बडोद्याचा आदर्श : वर्गणीची अट पूर्णपणे दूर करून ग्रंथालय हा नागरिकाचा हक्क मानण्याचा भारतातील पहिला व्यापक प्रयोग बडोदे संस्थानात झाला. महाराज सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले होते. शाळेत मिळविलेली साक्षरता पुढे टिकावयाची तर वाचनाची कायम सोय हवी, या विचाराने त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास १९१० मध्ये पाचारण केले. बॉर्डन यांनी तीन वर्षांच्या वास्तव्यात बडोदे शहरात मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी केली, ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचे वर्ग काढले आणि नगर व ग्राम ग्रंथालयांची साखळी आखली. ग्रामस्थांनी जेवढी रक्कम जमवावी तेवढीच प्रांत पंचायतीने व तेवढीच संस्थानाने द्यावी, असे या योजनेचे सूत्र होते. जेथे ग्रंथालय नाही तेथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठविल्या जात. स्त्रिया व मुले यांच्यासाठी स्वतंत्र सोयी होत्या. लोकसहभाग आणि शासनाची जबाबदारी यांचा मेळ घालता येतो, हे बडोद्याने दाखवून दिले. महाराष्ट्रातील ग्रंथालय कार्यकर्त्यांना या प्रयोगाचे आकर्षण वाटले, यात नवल नाही.

फैजी समिती : १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि प्रौढ साक्षरतेच्या मोहिमेस चालना मिळाली. तिला पूरक म्हणून ग्रंथालयांच्या विकासाची योजना आखण्यासाठी १९३९ मध्ये आसफ अली असगर फैजी (१८९९–१९८१) यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. समितीने मध्यवर्ती, प्रादेशिक, जिल्हा, तालुका व ग्राम ग्रंथालये अशी उतरंड सुचविली आणि ती टप्प्याटप्प्याने उभारण्याची शिफारस केली. दुसरे महायुद्ध व मंत्रिमंडळाचा राजीनामा यांमुळे अंमलबजावणी लांबली. १९४६ मध्ये लोकनियुक्त मंत्रिमंडळ पुन्हा आल्यानंतर तिला गती मिळाली.

योजना अंमलात आणताना सरकारने सर्वत्र नवी शासकीय ग्रंथालये काढण्याऐवजी जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी पूर्वीपासून असलेल्या संस्थांनाच जिल्हा वा तालुका ग्रंथालय म्हणून मान्यता देऊन अनुदान सुरू केले. एशियाटिक सोसायटीच्या सहकार्याने मुंबईत मध्यवर्ती ग्रंथालयाची सोय झाली. १९५४ च्या ग्रंथ प्रदान अधिनियमानुसार देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक ग्रंथाची प्रत ज्या ग्रंथालयांकडे पाठवावी लागते, त्यांत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा समावेश आहे. जुन्या संस्थांनाच मान्यता देण्याच्या या निर्णयाने शासनाचा खर्च वाचला आणि शंभर वर्षांच्या संस्थांचा अनुभव व ग्रंथसंग्रह आयताच उपलब्ध झाला. पण त्यामुळे ग्रंथालयाची व्याप्ती जेथे मंडळी उत्साही आहेत तेथवरच राहिली, हेही तितकेच खरे.

ग्रंथालय अधिनियम : ग्रंथालयविषयक कायदा करण्यात कोल्हापूर संस्थानाने आघाडी घेतली, त्याचा ग्रंथालय अधिनियम १९४५ चा आहे. स्वातंत्र्योत्तर काळात डॉ. शि. रा. रंगनाथन (१८९२–१९७२) यांच्या प्रयत्नांनी मद्रास राज्यात १९४८ मध्ये आणि त्यानंतर हैदराबाद राज्यात १९५५ मध्ये असे कायदे झाले. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर ‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७’ संमत झाला व १ मे १९६८ पासून अंमलात आला. त्यान्वये शिक्षण खात्याच्या मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य ग्रंथालय परिषद, स्वतंत्र ग्रंथालय संचालनालय आणि जिल्हावार ग्रंथालय समित्या यांची तरतूद झाली. राज्य मध्यवर्ती ग्रंथालय व विभागीय ग्रंथालये शासनाने चालवावीत आणि राज्य, विभाग व जिल्हा पातळींवरील ग्रंथालय संघांनाही मान्यता व साहाय्य मिळावे, अशी व्यवस्था करण्यात आली.

मद्रासच्या कायद्यात मालमत्ताकरावर ग्रंथालय उपकर बसविण्याची तरतूद होती. महाराष्ट्राने असा उपकर बसविला नाही. त्याऐवजी राज्य शासनाने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान २५ लक्ष रुपये घालावेत, असे बंधन स्वतःवर घालून घेतले. उपकरामुळे ग्रंथालयाला हक्काचे उत्पन्न मिळते आणि ते लोकसंख्या व नगराच्या वाढीबरोबर वाढते. अर्थसंकल्पीय तरतूद मात्र दरवर्षीच्या निर्णयावर अवलंबून असते. दुसऱ्या बाजूने पाहता, उपकर नसल्याने करदात्यांचा विरोध झाला नाही आणि कायदा सुकरपणे स्वीकारला गेला. या निवडीचे बरेवाईट परिणाम पुढील अर्धशतकभर दिसत राहिले.

१९७० च्या नियमांनी अनुदानाची रीत निश्चित केली. जिल्हा, तालुका व इतर ग्रंथालये अशी विभागणी करून ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके, कामाचे तास, इमारत आणि सेवकवर्ग यांनुसार त्यांना ‘अ’, ‘ब’, ‘क’ व ‘ड’ असे वर्ग देण्यात येतात. संस्था नोंदणीकृत असणे, तिचे हिशेब तपासलेले असणे आणि ती सर्वांना खुली असणे या मान्यतेच्या मूलभूत अटी होत. ज्या मंडळ्यांनी एकेकाळी स्वतःपुरती दारे उघडली होती, त्यांनाच कायद्याने सर्वांसाठी दारे उघडावयास लावली, हे या नियमांचे मोठे कार्य होय. १९६२ पासून कार्यरत झालेल्या जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायती यांच्या साहाय्याने खेड्यांतही ‘ड’ वर्गाची असंख्य वाचनालये निघाली. शासनमान्य ग्रंथालयांची संख्या २०१२ पर्यंत बारा हजारांवर गेली.

सेवा : महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयाच्या सेवांचे स्वरूप दीडशे वर्षांत पुष्कळ बदलले. सर्वांत जुनी व सर्वांत लोकप्रिय सेवा म्हणजे वृत्तपत्रांचे मुक्तद्वार वाचनालय. सकाळी दार उघडताच येणारा निवृत्त कारकून, बाजारासाठी आलेला शेतकरी आणि नोकरीच्या जाहिराती पाहणारा तरुण यांना तेथे वर्गणी पडत नाही. दुसरी सेवा ग्रंथांच्या देवघेवीची. तिच्यासाठी अनामत रक्कम व मासिक वर्गणी घेण्याची प्रथा आजही बहुतेक ठिकाणी आहे. पूर्वी पुस्तके कुलूपबंद कपाटात असत आणि यादीवरून मागणी नोंदवावी लागे; पुढे अनेक ग्रंथालयांनी वाचकास थेट मांडणीपर्यंत जाऊ देणारी मुक्तप्रवेश पद्धती स्वीकारली. दशांश वर्गीकरण, तालिकापत्रे व सूची यांचा वापर प्रशिक्षित ग्रंथपालांमुळे रूढ झाला. मुंबई विद्यापीठाने ग्रंथालयशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम १९४३ मध्ये सुरू केला, तर लहान ग्रंथालयांच्या सेवकांसाठी ग्रंथालय संघांनी प्रमाणपत्र वर्ग चालविले.

मोठ्या ग्रंथालयांत संदर्भ विभाग, बालविभाग व महिला विभाग असतात. व्याख्यानमाला, ग्रंथप्रदर्शने, कथाकथन आणि लेखक-वाचक भेटी यांमुळे अनेक तालुक्यांच्या गावी ग्रंथालय हेच सांस्कृतिक जीवनाचे केंद्र ठरले आहे. अलीकडच्या दशकांत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका ही नवी गरज निर्माण झाली. घरी स्वतंत्र खोली नसलेल्या मुलामुलींना शांत जागा, दिवा व मेज मिळणे, ही पुस्तकाइतकीच मोलाची सेवा होय. ग्रंथखरेदीसाठी १९७२ मध्ये कोलकाता येथे स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडूनही साहाय्य मिळते. राज्य शासन उत्कृष्ट ग्रंथालयांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या आणि कार्यकर्ते व सेवक यांना डॉ. रंगनाथन यांच्या नावाने पुरस्कार देते.

वृत्तांत व सूची : प्रत्येक ग्रंथालयाचा वार्षिक वृत्तांत हा वरवर पाहता नीरस कागद असतो. त्यात आश्रयदात्यांची नावे, जमाखर्च, दाखल ग्रंथांची विषयवार संख्या, देवघेवीचे आकडे आणि येणाऱ्या नियतकालिकांची यादी एवढेच असते. परंतु सलग पन्नास-शंभर वर्षांचे वृत्तांत समोर ठेवले, तर एखाद्या गावात कोणता वर्ग केव्हा वाचू लागला, कादंबरीने धर्मग्रंथांना केव्हा मागे टाकले, स्त्री-सभासदांची नावे यादीत केव्हा दिसू लागली, याचा असा पुरावा मिळतो की जो अन्य कोणत्याही साधनात सापडत नाही. अनेक ठिकाणी वाळवी, पाऊस व जागाबदल यांत हे कागद नष्ट झाले. उरलेले जपणे हे इतिहासाच्या दृष्टीने निकडीचे काम आहे.

ग्रंथालयांच्या संग्रहांच्या आधारे झालेले सर्वांत मोठे कार्य म्हणजे शंकर गणेश दाते (१९०५–६४) यांची मराठी ग्रंथसूची. १८०० ते १९३७ या काळातील मराठी मुद्रित ग्रंथांची नोंद करणारा तिचा पहिला भाग १९४३ मध्ये आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. दाते, दि. वि. काळे व शं. ना. बर्वे यांनी सिद्ध केलेली १८०० ते १९५० या काळातील मराठी नियतकालिकांची सूची मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने प्रसिद्ध केली. याच संस्थेच्या आश्रयाने १९४८ मध्ये मराठी संशोधन मंडळ स्थापन झाले व अनंत काकबा प्रियोळकर (१८९५–१९७३) यांनी त्याची धुरा वाहिली. लोकवर्गणीतून जमलेल्या पुस्तकांवरच मराठी वाङ्‌मयेतिहासाचा हा पाया उभा आहे.

अडचणी : अनुदानपद्धतीची सर्वांत मोठी उणीव म्हणजे तिचे अपुरेपण. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयास २०१२-१३ पासून वर्षास ३०,००० रुपये अनुदान होते. २०२२-२३ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तेव्हा ते ४८,००० रुपये झाले. म्हणजे दरमहा ४,००० रुपयांत वृत्तपत्रे, पुस्तके, वीज, जागा आणि सेवकाचे वेतन हे सारे भागवावयाचे. साहजिकच खेड्यातील ग्रंथपाल हा बहुधा अर्धवेळ काम करणारा, निवृत्तिवेतन वा सेवाशाश्वती नसलेला सेवक असतो. शासनाचे म्हणणे असे, की तो संस्थेचा नोकर आहे. संस्थेचे म्हणणे असे, की अनुदानाखेरीज तिला उत्पन्न नाही. या दोहोंच्या मध्ये सेवकांच्या वेतनश्रेणीचा प्रश्न अनेक समित्या व निवेदने होऊनही सुटलेला नाही. दुसरीकडे, केवळ अनुदानासाठी कागदोपत्री चालणारी ग्रंथालयेही निर्माण झाली. २०१२ मध्ये शासनाने महसूल खात्यामार्फत राज्यभर तपासणी केली, तेव्हा अनेक ग्रंथालयांत त्रुटी आढळून आल्या. या तपासणीमुळे व्यवस्थेतील दोष उघड झाले. पण प्रामाणिकपणे चालणाऱ्या लहान संस्थांवरही त्यामुळे संशयाची छाया पडली.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे ग्रंथालये बंद झाली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ती पुन्हा उघडण्यास अनुमती मिळाली. या काळात देवघेव थांबली, वर्गणी बुडाली आणि अनेक सभासद परतले नाहीत. दूरध्वनीच्या पडद्यावर वृत्तपत्र वाचण्याची सवय जडल्याने वृत्तपत्र विभागातील गर्दीही ओसरली. दुर्मिळ ग्रंथांचे संगणकीय प्रतिमांकन अनेक संस्थांनी हाती घेतले असून त्यामुळे जुनी पुस्तके दूरच्या अभ्यासकास उपलब्ध होऊ लागली आहेत. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ हा उपक्रम सुरू झाला. घराघरांत पुस्तके ठेवून ती येणाऱ्यास विनामूल्य वाचावयास देण्याची ही कल्पना लोकांना रुचली.

समालोचन : महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयाचा वाचक प्रथम इंग्रजी जाणणारा वर्गणीदार होता, नंतर तो मराठी वाचणारा वर्गणीदार झाला, १९६७ च्या अधिनियमानंतर तो, निदान तत्त्वतः, प्रत्येक नागरिक झाला. ही वाटचाल सक्तीने नव्हे, तर संस्थांच्या स्वयंप्रेरणेने आणि शासनाच्या मर्यादित साहाय्याने घडून आली, हे तिचे बळ होय. परंतु नागरिकाचा हक्क हा मंडळींच्या उत्साहावर आणि अर्धवेळ सेवकाच्या त्यागावर कायमचा विसंबून राहू शकत नाही. बडोद्याने एका शतकापूर्वी मांडलेले सूत्र, म्हणजे लोकांचा सहभाग आणि त्याच्या जोडीला शासनाचा निश्चित व पुरेसा वाटा, महाराष्ट्रात अद्याप पूर्णतः अंमलात यावयाचे आहे. तोवर ‘सार्वजनिक’ हा शब्द या ग्रंथालयांच्या नावात जितका व्यापक आहे, तितका त्यांच्या व्यवहारात होणार नाही.